चंदूभाऊंचा गाल आणि गावचं गाऱ्हाणं

माणसाला दुखणं यावं तर ते दिसणारं यावं. पाय मोडला की प्लास्टर दिसतं, लोक खुर्ची पुढे करतात. डोळे आले की लोक आपण होऊन दोन हात लांब राहतात. पोलादपूरच्या चंदूभाऊ येरुणकरांचं दुखणं उजव्या गालात होतं, आणि गाल तर बघायला चांगला भरलेला, तुकतुकीत, लग्नाचं जेवण जेवून आल्यासारखा. त्यामुळे दोन वर्षं जीव मुठीत धरून काढली तरी चंदूभाऊंना आजारी मानायला कुणी तयार नव्हतं. गालाच्या दुखण्याइतकंच हेही त्यांना दुखायचं.

कळ कशी यायची ते एकदाच सांगून टाकावं, म्हणजे पुन्हा पुन्हा कण्हायला नको. कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंत कुणी चालू विजेची वायर ओढत न्यावी, तशी. दहा सेकंद, पंधरा सेकंद. तेवढ्यात डोळ्यांतून पाणी, अंगाला झटके, आणि 'मला हात लावू नका' म्हणून एक हात वर. निमित्त काहीही पुरायचं. चहाचा घोट, दाढीचा ब्रश, पंख्याचा वारा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बोलणं. दोन वाक्यं जरा मोठ्यानं बोलली की तिसऱ्याला कळ हजर.

दुखणं दिसत नसलं की सल्ले मात्र भरपूर मिळतात. समोरच्या गोदूबाईंनी मशेरी लावायला सांगितली. पलीकडच्या बनुबाईंनी मीठमिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. त्याचा तिखट धूर नाकात जाऊन चंदूभाऊंना अशी शिंक आली, की शिंकेमागून कळ आणि कळेमागून शिंक असा अर्धा तास गेला. "बघा, केवढी नजर लागली व्हती!" बनुबाई समाधानानं म्हणाल्या. शेजारच्या राजूनं मोबाईलवर बघून कानात लसणाची पाकळी ठेवायला सांगितली. ती आत गेली आणि बाहेर काढायला महाडला जावं लागलं. महाडला आलोच आहोत तर दात दाखवून घेऊ म्हणून दाताच्या दवाखान्यात गेले, तिथे एक दाढ संशयित ठरली. ती काढली. कळ तशीच. मग तिच्या शेजारची काढली, मग तिच्याही शेजारची. तीन धडधाकट दाढा गेल्यावर चौथ्या डॉक्टरांनी सांगितलं, की दाताचा काही संबंधच नाही, चेहऱ्याची नस बिघडली आहे. त्यांनी तिच्या आजाराचं एक लांबलचक इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलं आणि गोळ्या चालू केल्या. गोळ्यांनी कळ निम्मी झाली आणि चंदूभाऊही निम्मे झाले. बसल्या जागी पेंगायचे, उभे राहिले की झोकांड्या जायच्या. पोलादपूरच्या बाजारपेठेत सकाळी दहा वाजता झोकांड्या खाणाऱ्या माणसाबद्दल लोक काय बोलतात ते वेगळं सांगायला नको. जन्मात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस तो!

आता बोलल्यानं दुखतं तर बोलू नये, इतकं साधं. त्यांच्या पत्नी नूतनवहिनींच्या मते तर लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात शांतता नांदत होती. नोकरीतही अडत नव्हतं. चंदूभाऊ महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते, आणि अठ्ठावीस वर्षं लोकांच्या रजा नामंजूर करायला त्यांना नुसती मान हलवावी लागत होती. अडत होतं ते एकाच ठिकाणी. शिमग्याच्या गाऱ्हाण्याला.

पोलादपूरच्या वर डोंगरात कातळवाडी हे त्यांचं गाव. शिमग्याला देवाची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर येऊन टेकते. सहाण म्हणजे गावाच्या मध्यावरचा दगडी चौथरा. तिथे सगळ्या गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायचा मान येरुणकरांच्या थोरल्या घराचा, म्हणजे चंदूभाऊंचा. अकरा वाड्यांची नावं, गुरंढोरं, पीकपाणी, सासरी गेलेल्या लेकी, मुंबईला गेलेली पोरं, सगळं ओळीनं, खणखणीत आवाजात देवापुढे मांडायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावानं एका आवाजात "होय महाराजा!" म्हणायचं. वर्षभर चंदूभाऊ हेडक्लार्क असत. त्या पाव तासात ते कुणीतरी असत.

गेल्या शिमग्याला तिसऱ्याच वाडीला कळ आली. चंदूभाऊंनी खोकल्याचं सोंग केलं आणि तोंडावर उपरणं घेऊन खाली बसले. उरलेलं गाऱ्हाणं धाकट्या घरच्या कोंडाजीनं पुरं केलं. कोंडाजी हा सख्खा चुलतभाऊ. पण त्यानं ते इतक्या तयारीनं केलं, की हा मनुष्य माझ्या खोकल्याचीच वाट बघत होता की काय, असं चंदूभाऊंना वाटून गेलं. संध्याकाळी भावकी बसली. भावकीत शेवटचा शब्द म्हाताऱ्या हरिबांचा.

"चंदू, देवाला अर्धं गाऱ्हाणं चालत नाय," हरिबा म्हणाले. "फुडच्या साली पुरं घाल. नाय जमलं तर मान कोंडाजीच्या घरात जाईल, आनि तो कायमचा."

तेव्हापासून चंदूभाऊंना दोन कळा यायला लागल्या. एक गालात आणि दुसरी कोंडाजी दिसला की.

माघ लागला तरी गाल काही ऐकेना. तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं, सेजलनं, फोन केला. "बाबा, इथे एका हॉस्पिटलमध्ये एक उपचार आहे. कापाकापी नाही, सुई नाही. डोक्यावर बाहेरून चुंबकाचं यंत्र धरतात आणि मेंदूच्या ठरावीक जागेला हलके ठोके देतात. रोज वीस मिनिटं, दहा दिवस. माझ्याकडेच राहा."

"मेंदू कशाला? दुखतो गाल," चंदूभाऊ जमेल तेवढ्या कमी शब्दांत म्हणाले.

"दुखतंय हे मेंदूलाच कळतं ना, बाबा!"

हे चंदूभाऊंना पटलं. शेजारपाजारला पटलं नाही. त्यातून सेजलनं एक बारीकशी गोष्ट सांगितली होती, की दुखणं उजवीकडे असेल तर यंत्र डावीकडे लावतात. ही गोष्ट नूतनवहिनींनी विश्वासानं गोदूबाईंना सांगितली आणि चहाचं आधण उकळायच्या आत सगळ्या आळीला कळली.

"आवो, डाक्टर चुकला असंल," गोदूबाई म्हणाल्या. "गळतं माझ्या घरात आनि कौलं बदलायची तुमच्या? जाऊ नका गो नूतनवयनी, हाय तेवढा नवरा जपा."

"चुंबकानं स्मरणशक्ती जाते," राजू म्हणाला. "एटीएमचं कार्ड चुंबकाजवळ ठेवलं तर पुसलं जातं. मग डोकं म्हणजे काय!"

चंदूभाऊ त्या दिवशी अकराही वाड्यांची नावं एका वहीत लिहून ठेवायला बसले. न जाणो.

खरी पंचाईत कंपनीत झाली. रजेचा अर्ज आता कागदावर चालत नव्हता, संगणकावर भरायचा होता. ही सुधारणा चंदूभाऊंनीच मोठ्या हौसेनं राबवली होती आणि तीत एकही पळवाट राहू नये याची काळजीही स्वतः घेतली होती. फॉर्मात आजाराच्या यादीत गाल नव्हता. पोट होतं, पाठ होती, प्रसूती होती. खाली हॉस्पिटलच्या विभागाचं नाव भरणं सक्तीचं होतं. सेजलनं पाठवलेल्या कागदावर विभाग होता मनोविकार, कारण ते यंत्र त्या विभागात ठेवलेलं होतं. ज्यांचं मन फार खचलेलं असतं त्यांच्यासाठी ते जास्त वापरतात. चंदूभाऊंनी प्रामाणिकपणे 'मनोविकार विभाग' असं भरलं आणि बटण दाबलं. दाबल्यावर तो अर्ज त्यांच्याच नियमाप्रमाणे आपोआप सुरक्षा विभागाकडे गेला.

ऑफिसातली सलोनी नावाची मुलगी धावत आली. "येरुणकर सर, सॉरी हं, पण नियम आहे. आत पेट घेणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाक्या आहेत. डोकं ठीक असल्याचा दाखला येईपर्यंत तुम्हाला आत बसता येणार नाही."

"दाखला हॉस्पिटल देणार," चंदूभाऊ म्हणाले. "हॉस्पिटलला जायला रजा पाहिजे."

"रजा देते ना मी! येताना दाखला घेऊन या. तोपर्यंत चार दिवस गेटवर बसा, पंखा लावून देते."

पंखा! अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि चंदूभाऊ चार दिवस वॉचमनच्या बाकावर पंख्याकडे पाठ करून बसले. वॉचमन भला माणूस होता, पण तो त्यांच्याशी फार हळू आणि फार गोड बोलायला लागला, जेवणाच्या डब्यात चमचा आहे का तेही बघायला लागला. शिफ्ट सुटली की बसकडे जाणारी सगळी माणसं समोरून जायची. त्यात कोंडाजीचा मुलगा हृतिकही होता. तो याच कंपनीत कंत्राटी कामावर होता. त्यानं काकांना वाकून नमस्कार केला, वॉचमनकडे चौकशी केली, आणि मोटारसायकलला किक मारली. त्या दिवशी दिवेलागणीच्या आत कातळवाडीत बातमी पोचली, की चंदूच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्याला पुण्याला शॉक द्यायला नेणार.

पुण्याला जायचं तर पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरावरून जायचं. एसटीच्या खिडकीला काच असते, पण ती बंद होते असा त्याचा अर्थ नाही. आणि महाबळेश्वरचा वारा! मफलर गुंडाळावा तर मफलर गालाला लागतो. शेवटी राजूनं डोकं चालवलं. त्यानं आपलं तोंडभर झाकणारं हेल्मेट आणून दिलं आणि आतली उजवीकडची गादी कापून काढली. अशा रीतीनं पांढरा शर्ट, हातात पिशवी आणि डोक्यात काळं हेल्मेट घालून चंदूभाऊ एसटीत पुढच्या सीटवर बसले.

ड्रायव्हरनं आरशात एकदा बघितलं, दोनदा बघितलं. घाट सुरू व्हायच्या आधी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळला. "काय हो पाव्हणं, बावीस वर्षं गाडी चालवतोय मी. एक ओरखडा नाय. तुमाला भरवसा नसंल तर उतरा हितंच."

चंदूभाऊंनी हात जोडले. नूतनवहिनी म्हणाल्या, "अहो, त्यांचा गाल दुखतो." हे कुणालाच पटेना. मागच्या सीटवरच्या एका बाईनं आपल्या पोराला जवळ ओढून घेतलं. आंबेनळीच्या प्रत्येक वळणावर ड्रायव्हर मुद्दाम गाडी इतकी हळू घेई, की सायकलवाल्यानं पुढे जावं. त्या दिवशी वाईला सगळ्या गाडीची पुढची एसटी चुकली आणि तिचं खापर सर्वांनी हेल्मेटवर फोडलं.

हॉस्पिटलात मनोविकार विभागाच्या बाकड्यावर बसताना चंदूभाऊ ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून चोरासारखे बघत होते. बाकीची माणसं मात्र शांत, नेटकी, आपापला नंबर धरून बसलेली. एका शाळामास्तरीणबाईंनी स्वतःची जागा देऊन त्यांना वाऱ्यातून हलवलं आणि एक प्रश्नही विचारला नाही. दोन वर्षांत आपलं दुखणं न विचारता खरं मानणारं हे पहिलंच माणूस, असं चंदूभाऊंच्या मनात आलं आणि आपण कुणाला घाबरत होतो याची त्यांना थोडी लाज वाटली.

डॉक्टरीणबाई सेजलच्याच वयाच्या. त्यांनी घड्याळ, अंगठी, गळ्यातलं सगळं काढायला लावलं, अंगात कुठे धातूचा तुकडा, कधी फेफरं, असं बारीक विचारलं, कानात बोळे घातले आणि दोन चकल्या शेजारी शेजारी ठेवाव्यात तसं ते यंत्र डोक्याच्या डाव्या बाजूला धरलं. टक! आणि चंदूभाऊंच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडाला. टक! पुन्हा उडाला.

"छान! जागा सापडली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चंदूभाऊ अंगठ्याकडे बघत राहिले. आपल्याला न विचारता आपला अंगठा दुसऱ्याच्या हुकमानं हलतो, हे बघून त्यांना फार एकटं एकटं वाटलं. मग टकटक सुरू झाली. वीस मिनिटं. दुखलं काहीच नाही, सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखं वाटलं एवढंच. दुसरा दिवस, तिसरा दिवस. कळ आपली ठरलेल्या वेळी येतच होती. शनिवार-रविवारी सुट्टी. सातव्या दिवशी सेजलकडे जेवायला बसले असताना नूतनवहिनी ओरडल्या, "अहो! चपाती भिजवली नाहीत तुम्ही!" चंदूभाऊंनी हातातल्या चपातीकडे पाहिलं. अर्धी संपली होती. उजव्या बाजूनं चावली होती आणि कळ आली नव्हती. ते ताटावरून उठले, न्हाणीघरात गेले, दार लावलं आणि नळ सोडून पोटभर रडले.

त्यानंतर रोज ते न्हाणीघरात जाऊन हळू आवाजात गाऱ्हाण्याची तालीम करायला लागले. आधी पाच वाड्या, मग आठ, मग अकरा. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "काका, बरं झालं असं समजू नका. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही. झाला तरी किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. गोळ्या चालूच ठेवा. बोला, पण थोडं आणि हळू. ओरडायचं अजिबात नाही."

"पाव तास बोलायचंय. देवापुढे."

"मग हळू बोला ना. हळू बोललेलं देवाला ऐकू येत नाही का?"

"देवाला येतं," चंदूभाऊ म्हणाले. "कोंडाजीला येत नाही."

दाखला मात्र त्यांनी व्यवस्थित दिला: सदर रुग्णाला कोणताही मानसिक आजार नाही. सही, शिक्का, आणि वर ठळक अक्षरांत मनोविकार विभाग. सलोनीनं तो बघून लगेच टाइम ऑफिसची खुर्ची परत दिली. कंपनीचं भागलं. भावकीचं भागेना.

शिमग्याच्या आधी चार दिवस सकाळी देवळात भावकी बसली. कोंडाजी तोंडावर चिंता आणून म्हणाला, "आमचं काय नाय. चंदूदादा थोरलं घर हाय. पर डोक्याला करंट दिलेल्या मानसानं गाऱ्हाणं घालावं का, याचा इचार नको?"

"करंट नाही, चुंबक!" चंदूभाऊंनी दाखला पुढे केला. हृतिकनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

कोंडाजीनं कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे मनोविकार विभाग म्हनतो, की याला मनोविकार नाय. बरं. मग हा तिथं गेला कशाला?"

मंडळींनी माना डोलावल्या.

"आनि ज्याला काय नाय त्याला दाखला कशाला लागतो? हितं बसलेल्यांत आजून कुनाला दिलाय का आसा दाखला? मला तर नाय दिला!"

चंदूभाऊंच्या मनात आलं, की या सगळ्या बैठकीत डोकं शाबूत असल्याचा लेखी पुरावा असलेला मी एकटाच आहे, आणि तेवढ्यासाठीच वेडा ठरतो आहे. पण ते बोलले नाहीत, बोलणं गाऱ्हाण्यासाठी जपून ठेवायचं होतं. त्यांच्या गप्प बसण्याचाही लोकांनी अर्थ लावलाच. अखेर हरिबा काठी टेकत उठले. "कागद-फिगद ऱ्हाऊंद्या. सहाणेवर उभा ऱ्हाऊंदे त्याला. काय ते देव बघंल."

शिमग्याच्या दिवशी सकाळी पालखी सहाणेवर टेकली. मुंबईची पोरं आली होती, लेकीसुना आल्या होत्या, वरच्या वाडीची गुरं राखणारी माणसंसुद्धा कामं टाकून आली होती. मोरूनं ढोल थांबवला. चंदूभाऊ पुढे झाले, नारळ हातात घेतला आणि न्हाणीघरातल्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा महाराजा! आज शिमग्याच्या सणाला तुझी सारी लेकरं तुझ्या पायाशी गोळा झाली हायत!"

"होय महाराजा!"

एक वाडी झाली, दोन झाल्या. तिसरी वाडी आली तसे नूतनवहिनींनी डोळे मिटून घेतले. तिसरी गेली. चौथी, पाचवी. गाल गप्प! चंदूभाऊंना पायाखालची सहाण एकदम उंच झाल्यासारखी वाटली. सातव्या वाडीला त्यांनी कोंडाजीकडे बघितलं. कोंडाजीचा चेहरा पडला होता. तो चेहरा बघून थांबायला हवं होतं, पण इतक्या दिवसांची आग माणसाला कशी थांबू देणार? चंदूभाऊंचा आवाज चढला. नवव्या वाडीला तो गावाबाहेर गेला. दहाव्या वाडीला त्यांनी वाडवडिलांनी कधी न घातलेलं एक वाक्य पदरचं घातलं. "आनि बा देवा, जो कुनी दुसऱ्याच्या मानावर डोळा ठेवून आसंल, त्यालाबी चांगली बुद्धी दे!" असं डोंगराला हाक मारावी तसं, तोंड आ करून, गर्जून म्हणाले.

"होय महाराजा!" गाव गरजलं, आणि कळ आली.

अशी कळ दोन वर्षांत आली नव्हती. नारळ हातातून सुटला आणि सहाणेवर आपटून फुटला. चंदूभाऊंचे डोळे मिटले, पाण्याच्या धारा लागल्या, अंग झटके खायला लागलं, आणि नेहमीसारखा एक हात वर गेला, पंजा उघडा.

मग साळूबाई म्हातारीनं पदर पसरला आणि किंचाळली, "आलं गो बाय, आलं! देव अंगात आला!"

मोरू ढोलवाल्याला ही लय ठाऊक होती. अंगात आलं की कसं वाजवायचं ते त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. त्यानं ढोल पार चंदूभाऊंच्या तोंडाशी आणला आणि जलद ठेका धरला. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला वारा गालावर आदळे, गालावर वारा आदळला की कळ येई, आणि कळ आली की अंग उडे. अंग उडालं की मोरू आणखी चेवानं वाजवी.

"अहो थांबवा! तो आजार आहे! त्यांना गोळी द्या!" नूतनवहिनी पर्स उघडत पुढे धावल्या.

दोन बायकांनी त्यांना दंडाला धरलं. "वयनी, गप ऱ्हावा. देवाला गोळी देतात काय?"

आणि मग कोंडाजी आला. रडत आला, अगदी खरा रडत. त्यानं चंदूभाऊंच्या पायावर डोकं ठेवलं. "देवा, चुकलं माझं! मला बुद्धी दिलीस! एवढं सांग, माझा हृतिक कंपनीत कायम व्हईल का?"

कायम करायच्या माणसांची यादी चंदूभाऊंच्याच टेबलाच्या खणात होती. तीत हृतिकचं नाव नव्हतं. पण ढोलाचा ठोका पडला, मान खाडकन खाली गेली आणि पुन्हा वर आली. "व्हईल म्हनला! देव व्हईल म्हनला!" कोंडाजीनं ऊर भरून हंबरडा फोडला, आणि त्याच्यामागे रांग लागली.

रांग संपायच्या आधी हरिबांनी हात वर करून निवाडा दिला. गाऱ्हाणं अजून पुरं झालं नव्हतं. पण ज्याच्या अंगात देव येतो त्यानं देवाला गाऱ्हाणं घालायचं तरी कसं? आपलंच गाऱ्हाणं आपल्यालाच? तेव्हा आजपासून चंदू देवाचं झाड, म्हणजे देव ज्याच्यात उतरतो तो माणूस, आणि गाऱ्हाण्याचा मान कोंडाजीच्या घराला, कायमचा. यात चंदूचा अपमान नाही, उलट त्याला बढती आहे. गावानं म्हटलं, "होय महाराजा!"

कोंडाजी उभा राहिला. अकरावी वाडी त्यानं घेतली, मुंबईची पोरं घेतली, लेकीबाळी घेतल्या. लेकीबाळी आधी घ्यायच्या असतात आणि पोरं मागून, एवढंसुद्धा त्या माणसाला ठाऊक नव्हतं. चंदूभाऊ सहाणेच्या कडेला हार घालून बसवलेले होते. चूक सांगायला त्यांचा जीव तडफडत होता. आजोबांनी, वडिलांनी, आणि वीस वर्षं त्यांनी स्वतः जो पाव तास सांभाळला तो त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या तोंडात गेला, आणि त्यांना हुंदका फुटला. हुंदक्यानं गाल हलला आणि पुन्हा कळ आली. साळूबाईनं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बोटानं टिपून नातवाच्या कपाळाला लावलं.

दोन दिवसांनी सकाळी पोलादपूरच्या घरासमोर पायताणांचा ढीग पडला. कातळवाडी आली होती, तिच्यामागून आणखी दोन गावं आली होती. गोदूबाई आणि बनुबाई लोकांना नंबरानं बसवत होत्या. राजू हेल्मेट दाखवत होता, आणि बायका त्या हेल्मेटला हळदकुंकू लावत होत्या. हरिबा पुढे बसले होते.

"चंदू, एक इनंती हाय," ते हात जोडून म्हणाले. ज्या म्हाताऱ्यानं आयुष्यात चंदूभाऊंना 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती तो हात जोडत होता. "त्या पुन्याच्या मशीनकडं आता पुन्यांदा जाऊ नका. आनि त्या गोळ्याबी सोडा. तुमी बरं झालात आनि देव निघून गेला तर गावानं कुनाकडं बघायचं?"

आतल्या दारात नूतनवहिनी उभ्या होत्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते. "आता तरी सांगा हो यांना," त्या म्हणाल्या. "एकदाच काय ते स्पष्ट सांगून टाका, की हे दुखणं आहे. देवबीव काही नाही."

चंदूभाऊंनी मान डोलावली. सांगायलाच पाहिजे होतं. माणसं भोळी होती, लांबून चालत आली होती, आणि कुणी आपल्याला बरं होऊ न देण्यासाठी नारळ घेऊन येतं हे सहन होणारं नव्हतं. ते उठून उभे राहिले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, धीर गोळा केला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाले, "मंडळी, ऐका. माझ्या अंगात देव येत नाही. हा आजा..."

हात वर गेला, डोळ्यांतून धारा लागल्या आणि अंग उडायला लागलं. पुढच्या रांगेनं एकदम माथा टेकला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "जरा वाका की रं फुडं, आमालाबी बघूंद्या."